जमिनीत लोह भरपूर, तरीही पीक पिवळे का? फेरस आणि फेरिक लोहाची ओळख

भारी काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत पावसाळ्यात सोयाबीन, भुईमूग आणि खोडवा ऊस पिवळा पडतो. द्राक्ष, मोसंबी आणि संत्रा बागेत नवीन फुटीची पाने पिवळी निघतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. उसात याला आपण केवडा म्हणतो. माती परीक्षण केले तर बहुतेक वेळा लोहाची कमतरता निघते. मग शेतकरी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट आणतो आणि जमिनीत टाकतो. काही वेळा फरक दिसतो, अनेकदा दिसत नाही. पुढच्या वर्षी जास्त टाकले जाते, तरी पीक पिवळेच राहते.

येथे लोहाचे प्रमाण कमी पडत नाही, लोहाची अवस्था बदलते. एकच लोह जमिनीत दोन रूपांत असते. एक रूप पाण्यात विरघळते, दुसरे जवळजवळ विरघळत नाही. आपण विकत आणलेले पहिले रूप आपल्या जमिनीत आणि आपल्या विहिरीच्या पाण्यात दुसऱ्या रूपात बदलून जाते. हे बदलणे कसे होते आणि ते कसे थांबवायचे, हे समजले की खर्चही वाचतो आणि पीकही सावरते.

आधी एक हिशोब

एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात अंदाजे २२ लाख किलो माती असते. त्यात एकूण लोह ३ टक्के धरले, तर ते ६६,००० किलो, म्हणजे ६६ टन होते. आपली काळी माती बेसॉल्ट खडकापासून तयार झाली आहे आणि बेसॉल्टमध्ये लोह मुळातच भरपूर असते, त्यामुळे हा अंदाज फुगवलेला नाही.

आता आपण काय टाकतो ते पाहा. हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट म्हणजे १९ टक्क्यांप्रमाणे पावणेपाच किलो लोह. पिकाची गरजही काही किलोंचीच असते. ६६ टन लोहाच्या शेजारी उभे राहून पीक चार-पाच किलोंसाठी उपाशी राहते. अशा जमिनीत नुसते लोह वाढवून भागत नाही. जे टाकतो ते पिकाला घेता येईल अशा रूपात टिकवावे लागते.

फेरस आणि फेरिक म्हणजे काय?

लोह हा संक्रमण धातू आहे. तांबे, मँगनीज आणि जस्त ही आपल्या ओळखीची सूक्ष्म अन्नद्रव्येही आवर्तसारणीत लोहाच्या आसपासच बसतात. संक्रमण धातूंचा एक विशेष गुण असा की ते वेगवेगळ्या संख्येने इलेक्ट्रॉन गमावू शकतात. जितके इलेक्ट्रॉन गमावले, तितकी त्या धातूची ऑक्सिडीकरण अवस्था.

- शून्य अवस्था: शुद्ध धातू. नांगराचा फाळ, खुरपे, तार.
- अधिक दोन अवस्था: लोहाने दोन इलेक्ट्रॉन गमावले. यालाच फेरस लोह म्हणतात. संयुगांचा रंग बहुधा फिकट हिरवा.
- अधिक तीन अवस्था: लोहाने तीन इलेक्ट्रॉन गमावले. हे फेरिक लोह. संयुगांचा रंग बहुधा पिवळा, तांबडा किंवा तपकिरी.

याहून वरच्या अवस्थाही आहेत. पोटॅशियम फेरेटमध्ये लोह अधिक सहा अवस्थेत असते, पण असे संयुग शेतात आढळत नाही. शेतीत कामाच्या अवस्था दोनच, फेरस आणि फेरिक.

फेरस लोहाला हवेतील ऑक्सिजन भेटला की त्याचा आणखी एक इलेक्ट्रॉन जातो आणि ते फेरिक होते. याला ऑक्सिडीकरण म्हणतात. उलट, फेरिक लोहाला एक इलेक्ट्रॉन परत मिळाला की ते फेरस होते. याला क्षपण म्हणतात. पीक पिवळे पडणे, ठिबकच्या ड्रीपरमध्ये तांबडा गाळ बसणे आणि भातखाचरात निळसर राखाडी चिखल होणे, या तिन्ही गोष्टी या एका इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीने घडतात.

शेतात दिसणारी लोहाची संयुगे

- हेमॅटाइट (फेरिक ऑक्साईड): तांबडा रंग. विहीर खोदताना काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीची पट्टी लागते, तिचा रंग याचाच. कोकण आणि गोव्यातील जांभा दगडातही हे मुख्यत्वे असते.
- गोथाइट (पाणीयुक्त फेरिक ऑक्साईड): पिवळसर तपकिरी रंग. मुरमात आणि जांभ्यात आढळते.
- फेरिक हायड्रॉक्साईड: पाण्यातील फेरस लोहाला हवा लागली की बनणारा तांबूस, मऊ गाळ.
- मॅग्नेटाइट: काळे, चुंबकाला चिकटणारे कण. यात लोहाच्या तीन अणूंपैकी एक फेरस आणि दोन फेरिक असतात. ओढ्याच्या वाळूतून चुंबक फिरवला की हेच कण चिकटतात.
- फेरस सल्फाईड: सतत पाण्याखाली असलेल्या खाचरातील काळा चिखल.
- फेरस सल्फेट (हिराकस): फिकट हिरवे खडे. एका रेणूबरोबर पाण्याचे सात रेणू असतात. खत म्हणून सर्वाधिक वापर याचाच.
- फेरिक फॉस्फेट: लोह आणि स्फुरद एकत्र आल्यावर बनणारा न विरघळणारा साका. आम्लधर्मी जांभ्या जमिनीत स्फुरद अडकून बसतो, त्याचे हे एक कारण.

सामू वाढला की लोह का मिळेनासे होते?

जमिनीत हवा खेळती असते, म्हणून तेथे लोह मुख्यतः फेरिक रूपात राहते. फेरिक लोहाची विद्राव्यता सामूवर अवलंबून असते. सामू एका अंकाने वाढला की द्रावणातील फेरिक लोह सुमारे हजार पटीने कमी होते. फेरस लोह त्याच वेळी सुमारे शंभर पटीने कमी होते. म्हणजे सामू ६ असलेल्या जमिनीतून सामू ८ असलेल्या जमिनीत गेलो, तर विरघळलेले फेरिक लोह सुमारे दहा लाख पटीने घटते. मातीतले एकूण लोह मात्र तेवढेच असते.

सामू वाढला की दुसरा परिणाम वेगावर होतो. पाण्यातील फेरस लोहाचे फेरिकमध्ये रूपांतर होण्याचा वेगही सामूबरोबर वाढतो. साधारण सामू ५ च्या पुढे, सामू एका अंकाने वाढला की हा वेग जवळजवळ शंभर पटीने वाढतो. सामू ४ च्या खाली हे रूपांतर अतिशय संथ असते. सामू ८ च्या आसपास ते काही मिनिटांत होऊ लागते. फवारणीच्या टाकीत लिंबूसत्त्व का टाकायचे, याचे उत्तर यातच आहे.

मुळे लोह कसे घेतात?

वनस्पतींनी यावर दोन उपाय शोधले आहेत. १९८६ मध्ये रोमहेल्ड आणि मार्शनर या शास्त्रज्ञांनी या दोन पद्धती स्पष्टपणे मांडल्या.

पहिली पद्धत – द्विदल पिके, फळझाडे, भाजीपाला. भुईमूग, सोयाबीन, हरभरा, टोमॅटो, द्राक्ष, संत्रा आणि मोसंबी या पिकांची मुळे आम्लता सोडून मुळाभोवतीचा सामू खाली आणतात. मग मुळाच्या पृष्ठभागावरील एक विकर फेरिक लोहाला इलेक्ट्रॉन देऊन फेरस करते. फेरस झाल्यावरच लोह मुळात शिरते. या कामाला मुळाला ऊर्जा लागते आणि ऊर्जेसाठी हवा लागते.

दुसरी पद्धत – तृणवर्गीय पिके. गहू, ज्वारी, मका यांची मुळे विशिष्ट सेंद्रिय आम्ले सोडतात. जपानी शास्त्रज्ञ ताकागी यांनी १९७६ मध्ये ती प्रथम दाखवली. ही आम्ले फेरिक लोहाला पकडतात आणि मूळ ती जोडी तशीच आत घेते. बार्ली आणि गहू ही आम्ले जास्त सोडतात, मका, ज्वारी आणि भात कमी. म्हणून एकाच चुनखडीच्या रानात ज्वारी पिवळी दिसते आणि पुढच्या हंगामातला गहू हिरवा राहतो. भात या पद्धतीबरोबरच पाण्याखालच्या चिखलातील फेरस लोह थेटही घेऊ शकतो.

पाणी साचल्यावर सोयाबीन पिवळे, भात मात्र हिरवा. असे का?

हा प्रश्न अनेक शेतकरी विचारतात. पाणी साचले की जमिनीत ऑक्सिजन संपतो. मग फेरिकचे फेरस व्हायला हवे आणि लोह जास्त मिळायला हवे. भातखाचरात नेमके तसेच होते. सूक्ष्म जीव आधी ऑक्सिजन वापरतात, मग नायट्रेट, मग मँगनीज आणि त्यानंतर फेरिक लोह. त्यामुळे सतत पाण्याखाली राहिलेल्या खाचरात लोह फेरस होऊन विरघळते. चिखलाचा तांबूस रंग जाऊन निळसर राखाडी छटा येते. कोरड्या रोपवाटिकेत पिवळी पडलेली भाताची रोपे पाणी साठवल्यावर हिरवी होतात, ती यामुळेच.

चुनखडीच्या काळ्या रानात मात्र पाणी काही दिवसच साचते. तेवढ्या वेळात लोहाचा क्रमांक येण्याआधी तीन गोष्टी घडतात:

- मुळांना हवा मिळत नाही. पहिल्या पद्धतीतील विकर आणि आम्लता सोडण्याचे काम मंदावते.
- मुळे आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साईड बाहेर पडत नाही. तो चुन्याशी मिळून बायकार्बोनेट तयार करतो.
- बायकार्बोनेट मुळाभोवतीचा सामू ७.५ ते ८ च्या आसपास धरून ठेवते. मुळाने सोडलेली आम्लता तेथल्या तेथे नष्ट होते.

म्हणून सोयाबीन आणि भुईमुगातील पिवळेपणावर पहिला उपाय पिशवीत मिळत नाही. साचलेले पाणी चर काढून बाहेर काढा. वाफसा आला की हलकी कोळपणी करा. अनेक शेतांत नवीन पाने एवढ्यानेच हिरवी येऊ लागतात.

आम्लधर्मी जांभ्या जमिनीच्या खाचरात उलटा धोका असतो. तेथे फेरस लोह गरजेपेक्षा जास्त होऊ शकते. भाताच्या खालच्या पानांवर टोकाकडून तपकिरी ठिपके येतात, मुळांवर तांबूस थर बसतो. अशा ठिकाणी लोहाचे खत टाकू नका. खाचरातील पाणी काही दिवस काढून जमिनीला हवा द्या. हवा मिळाली की जादा फेरस पुन्हा फेरिक होऊन बाजूला बसते.

लोहाची कमतरता कशी ओळखावी?

लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानात सहज जात नाही. म्हणून कमतरता नेहमी नवीन पानांवर आधी दिसते. पानाचा मधला भाग पिवळा, शिरा हिरव्या. तीव्र कमतरतेत पान पांढुरके होते आणि कडा वाळतात. इतर कारणांशी घोटाळा होऊ नये म्हणून खालील फरक लक्षात ठेवा:

- नत्र: जुनी पाने आधी पिवळी, शिरांसकट.
- मॅग्नेशियम: जुन्या पानांवर शिरांमधला भाग पिवळा.
- गंधक: नवीन पाने पिवळी, पण शिराही पिवळ्या.
- पिवळा मोझॅक (विषाणू): हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांचे अनियमित पट्टे, काही झाडेच बाधित, शेतात पांढरी माशी. हा रोग लोहाच्या फवारणीने जात नाही.

खात्रीसाठी सोपी चाचणी. एक लिटर पाण्यात १ ग्रॅम लिंबूसत्त्व आणि ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवा. कापसाच्या बोळ्याने हे द्रावण पाच-सहा पिवळ्या पानांच्या अर्ध्या भागावर लावा आणि पानांना दोरा बांधून खूण करा. चार ते आठ दिवसांत लावलेला भाग हिरवा झाला आणि उरलेला पिवळाच राहिला, तर कमतरता लोहाचीच. हिरवा झाला नाही, तर फवारणीवर खर्च करण्याआधी दुसरे कारण शोधा.

पान परीक्षणाचा अहवाल वाचताना सावध राहा. पिवळ्या पानात एकूण लोह पुष्कळदा हिरव्या पानाएवढेच किंवा जास्तही निघते. पानात शिरलेले लोह तेथेच फेरिक होऊन निकामी झालेले असते. म्हणून फक्त एकूण लोहाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. ताज्या पानातील फेरस, म्हणजे सक्रिय लोह मोजण्यासाठी ऑर्थोफिनॅन्थ्रोलिन वापरले जाते. हे रसायन फेरस लोहाबरोबर नारिंगी तांबडा रंग देते. कत्याल आणि शर्मा यांनी १९८० मध्ये ही पद्धत पिकांसाठी मांडली. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रयोगशाळेकडे ही सोय आहे का, ते विचारून घ्यावे.

माती परीक्षण. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत १२ घटक दिलेले असतात, त्यात लोह आहे. डीटीपीए पद्धतीने काढलेले लोह ४.५ पीपीएमपेक्षा कमी असेल, तर जमीन कमतरतेची समजतात. या आकड्याबरोबर सामू आणि मुक्त चुना हे दोन आकडे नक्की पाहा. लोह ५ किंवा ६ पीपीएम असले तरी सामू ८.२ आणि मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर असेल, तर पीक पिवळे पडू शकते. नमुना घेताना लोखंडी फावडे आणि गंजलेले घमेले वापरू नका. लाकडी किंवा प्लॅस्टिकची साधने घ्या, नाहीतर गंजातील लोह अहवालात येते.

फेरस सल्फेट घेताना आणि वापरताना

खत नियंत्रण आदेशानुसार फेरस सल्फेटमध्ये फेरस रूपातील लोह किमान १९ टक्के हवे. येथे फेरस हा शब्द महत्त्वाचा आहे. पिशवी उघडी राहिली, ओल लागली किंवा वर्षभर पडून राहिली की खडे पांढरट होतात आणि मग त्यांवर पिवळट तपकिरी थर चढतो. तो थर म्हणजे फेरिक लोह. वजन तेवढेच असते, किंमतही तेवढीच दिलेली असते, उपयोग मात्र घटलेला असतो.

- खरेदी करताना खडे फिकट हिरवे आहेत का पाहा. तपकिरी झालेली पिशवी घेऊ नका.
- थोडे खडे स्वच्छ, शक्यतो पावसाच्या पाण्यात टाका. द्रावण फिकट हिरवे आणि पारदर्शक राहायला हवे. लगेच गढूळ तपकिरी झाले, तर माल जुना आहे.
- उरलेले खत हवाबंद प्लॅस्टिक पिशवीत, कोरड्या जागी ठेवा. लोखंडी डब्यात ठेवू नका.

फवारणीचे द्रावण. १० लिटर पाण्यासाठी ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल) घ्या. क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवा, त्यानंतर फेरस सल्फेट टाका. आपल्या विहिरी आणि बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असते आणि सामू बहुधा ७.५ च्या वर असतो. अशा पाण्यात हिराकस थेट टाकले, तर फवारणी सुरू होण्याआधीच द्रावण तपकिरी होऊ लागते. लिंबूसत्त्व सामू खाली आणते आणि लोहाला धरूनही ठेवते.

एकदा घरी करून पाहा. दोन काचेच्या ग्लासांत बोअरचे पाणी घ्या. एकात चिमूटभर लिंबूसत्त्व टाका. मग दोन्हींत सारखे हिराकस टाका आणि तासभर ठेवा. एका ग्लासात गाळ दिसेल आणि दुसऱ्यात स्वच्छ द्रावण. पंपाच्या टाकीत काय होत होते, ते लगेच कळते.

- द्रावण त्याच दिवशी वापरा. तपकिरी झालेले द्रावण फवारू नका.
- सकाळी लवकर किंवा संध्याकाळी फवारा. कडक उन्हात पानांच्या कडा करपतात.
- १० ते १५ दिवसांच्या अंतराने दोन ते तीन फवारण्या कराव्या लागतात. पहिल्या फवारणीनंतर आलेल्या नवीन पानांना आधीचे लोह मिळत नाही.
- १२:६१:०० सारख्या स्फुरदयुक्त विद्राव्य खतात किंवा बोर्डो मिश्रणासारख्या चुनायुक्त द्रावणात मिसळू नका. साका तयार होतो.
- हातमोजे वापरा. कपड्यांवर पडलेले डाग जात नाहीत.

जमिनीतून देताना. चुनखडीच्या रानात हिराकस नुसते फेकून दिले, तर काही दिवसांतच ते फेरिक हायड्रॉक्साईड होऊन ६६ टनांच्या साठ्यात जमा होते. म्हणून ते सेंद्रिय खतात मुरवून द्यावे. उसासाठी माती परीक्षणानुसार हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळतात. शेणखत सूक्ष्म अन्नद्रव्य खताच्या दहा पट घ्यावे. ढीग ओलसर करून सावलीत पाच-सहा दिवस मुरू द्या आणि मग सरीत देऊन मातीआड करा. शेणखतातील सेंद्रिय आम्ले लोहाला पकडून ठेवतात, जिवाणू फेरिकचे काही प्रमाणात पुन्हा फेरस करतात. पाचट न जाळता कुजवले तर खोडव्यात हाच फायदा मिळतो.

चिलेट केलेले लोह: कोणते कोणत्या जमिनीत?

चिलेट म्हणजे लोहाला चारही बाजूंनी धरून ठेवणारा सेंद्रिय रेणू. दुकानात याला चिलेटेड फेरस म्हणतात, पण यातील लोह बहुधा फेरिक असते. ते धरून ठेवलेले असल्यामुळे साका होत नाही. विरघळलेले लोह मुळापर्यंत जाते आणि तेथे मूळ त्याला फेरस करून घेते. ही पकड किती सामूपर्यंत टिकते, यावर सगळे अवलंबून आहे.

- ईडीटीए लोह (१२ टक्के): सामू ६.५ च्या आसपासपर्यंत पकड टिकते. त्याच्या वर चुनखडीतला कॅल्शियम लोहाला बाहेर ढकलून त्याची जागा घेतो. आपल्या काळ्या जमिनीत मातीतून देणे बहुधा वाया जाते. फवारणीसाठी चालते, १० लिटर पाण्यात साधारण १० ग्रॅम, पण लेबलवरील मात्रा पाळा.
- डीटीपीए लोह: सामू ७.५ पर्यंत.
- ईडीडीएचए लोह (साधारण ६ टक्के): सामू ९ पर्यंतही टिकते. पाण्यात गडद तांबडा रंग. चुनखडीच्या जमिनीत ठिबकमधून किंवा आळवणीतून देण्यासाठी हेच योग्य. महाग असल्यामुळे द्राक्ष, डाळिंब, लिंबूवर्गीय अशा बागांतच परवडते.

१२ टक्के आणि ६ टक्के हे आकडे पाहून ईडीटीए दुप्पट चांगले असे समजू नका. सामू ८ च्या जमिनीत ६ टक्क्यांतले लोह झाडापर्यंत जाते, १२ टक्क्यांतले मातीत अडकते. चिलेट उन्हात ठेवल्यास फुटते, म्हणून अंधाऱ्या जागी साठवा.

गंधक टाकून चुना संपवता येईल का?

गंधकापासून जमिनीत आम्ल तयार होते आणि ते चुना विरघळवते, हे खरे. पण हिशोब करून पाहा. मुक्त चुना १ टक्का असेल, तर हेक्टरी वरच्या थरात २२ टन चुना झाला. तो संपवायला सुमारे ७ टन गंधक लागेल. मुक्त चुना १० टक्के असेल, तर ७० टन. सगळ्या रानाचा चुना संपवणे शक्य नाही. गंधक सेंद्रिय खताबरोबर मुळांच्या पट्ट्यात किंवा आळ्यात दिले, तर तेवढ्या भागातला सामू काही काळ खाली राहतो, आणि पिकाला तेवढे पुरते. नत्रासाठी अमोनियम सल्फेट निवडल्यासही मुळाभोवती आम्लता वाढते. नायट्रेटरूपी नत्राने उलट सामू वाढतो.

फळबाग नवीन लावताना खुंटाची निवड याहून जास्त उपयोगी पडते. लिंबूवर्गीय फळांत रंगपूर लाईम खुंट चुनखडीत बरा तग धरतो, त्रिपर्णी संत्र्याचा खुंट लवकर पिवळा पडतो. लागवडीआधी केलेले माती परीक्षण म्हणूनच महत्त्वाचे. बाग उभी राहिल्यावर खुंट बदलता येत नाही.

ठिबकमधील तांबडा गाळ

काही बोअरचे पाणी वर येते तेव्हा काचेसारखे स्वच्छ असते, तासाभरात मात्र तांबूस होते. खोल पाण्यात हवा नसल्यामुळे लोह फेरस रूपात विरघळलेले असते. हवा लागताच ते फेरिक हायड्रॉक्साईड होते आणि ड्रीपरच्या तोंडाशी बसते. लोहावर जगणारे जिवाणू त्यात चिकट थर वाढवतात. पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह असेल, तर ड्रीपर बंद पडण्याचा धोका मोठा.

येथे आपल्याला ऑक्सिडीकरण थांबवायचे नाही. ते ठिबकच्या आधीच पूर्ण करून घ्यायचे आहे. बोअरचे पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे शेततळ्यात किंवा टाकीत पाडा, गाळ खाली बसू द्या आणि वरचे पाणी वाळूच्या गाळणीतून ठिबकला द्या.

थोडक्यात काय करावे?

१. पिवळेपणा नवीन पानांवर आहे की जुन्या, ते आधी पाहा. पान रंगवून चाचणी करा.
२. पाणी साचले असेल तर निचरा आणि वाफसा आधी, खत नंतर.
३. अहवालात लोहाबरोबर सामू आणि मुक्त चुना वाचा.
४. उभ्या पिकात फवारणी करा. आधी लिंबूसत्त्व, मग हिरवे हिराकस.
५. जमिनीतून द्यायचे तर शेणखतात मुरवूनच द्या.
६. सामू ७.५ च्या वर असेल तर मातीतून ईडीटीए लोह देऊ नका.
७. भातखाचरात तपकिरी ठिपके दिसले तर लोह न टाकता पाणी काढा.

पीक पिवळे दिसले की दुकानातून लगेच पिशवी आणण्याची घाई होते. त्याआधी एक संध्याकाळ दोन ग्लासांच्या प्रयोगाला आणि पाच पानांच्या चाचणीला द्या. शंका असल्यास पिवळी आणि निरोगी अशी दोन्ही पाने, मातीचा नमुना आणि विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. पाण्याची बाटली न विसरता न्या, कारण हिराकस वाया जाण्याची सुरुवात पुष्कळदा फवारणीच्या पाण्यातच होते.